सुका कचरा, चार फुटांची ड्राय बाल्कनी आणि मी

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ निम्मे तरी काढलेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

रविवार सकाळ, साडेनऊ वाजलेत, आणि मी नेहमीसारखा बेडरूममधल्या उघड्या कपाटासमोर बसून बोलतोय, कारण कपड्यांमुळे आवाज घुमत नाही. मधेच कुकरची शिट्टी ऐकू आली तर समजून घ्या.

मागे एकदा भाड्याच्या छोट्या घरात सामान कसं बसवायचं यावर बोललो होतो. त्यावर तुमचे जे मेसेज आले, त्यात एक प्रश्न परत परत होता. ओला कचरा रोज जातो, त्याचं काही नाही. पण सुका कचरा घरात ठेवायचा कुठे आणि कसा, की घर भंगाराचं दुकान वाटणार नाही? एकीने तर फोटोच पाठवला. दाराच्या कडीला एक पिशवी, तिच्यात दुसरी पिशवी, तिच्यात तिसरी, आणि खाली लिहिलं होतं, ‘हे आमचं व्यवस्थापन.’ मी तो फोटो बायकोला दाखवला तर ती म्हणाली, ‘अरे, हे आपलंच घर आहे ना?’

आधीच सांगतो, मी यातला तज्ज्ञ नाही. मी दिवसभर कोड लिहितो. पण या विषयात मी दोन-अडीच वर्षांत तीन वेळा आपटलोय, आणि त्यातल्या एका वेळी माझ्या चुकीने दुसऱ्याच माणसाच्या हातातून रक्त आलं. ते सांगायचंय, म्हणून आजचा भाग.

तर आमचं घर. पुण्यात, वन बीएचके, तिसरा मजला. स्वयंपाकघराला लागून ड्राय बाल्कनी, चार फूट बाय तीन फूट. पुण्या-मुंबईच्या बाहेरच्यांसाठी सांगतो, ड्राय बाल्कनी म्हणजे बिल्डरने जिला बाल्कनी म्हणायचं म्हणून म्हटलंय अशी जागा. आमच्या त्या चार फुटांत वॉशिंग मशीन, जास्तीचा सिलिंडर, पोछ्याची बादली आणि बायकोची कोरफड. हे सगळं गेल्यावर जमिनीवर उरते ती एक टाइल. साधारण दीड फूट. आणि भिंत. भिंत लक्षात ठेवा, ती पुढे कामाला येणार आहे.

लग्नानंतर इथे राहायला आलो तेव्हा मी अगदी उत्साहात होतो. इंटरनेटवर फोटो बघितले. एका रांगेत पाच रंगीत डबे, प्रत्येकावर लेबल. मी पण मागवले. कागद, प्लास्टिक, काच, धातू, इतर. लेबलं ऑफिसमधून प्रिंट काढून आणली, छान फॉन्टमध्ये. एकावर एक रचता येणारे डबे होते, त्यामुळे जागेचा प्रश्न सुटला असं वाटलं. सुटला नव्हता. एकावर एक रचले की खालच्या डब्यात काही टाकायला वरचे चार उतरवावे लागतात, हे डबे घरी येईपर्यंत माझ्या बीटेक झालेल्या डोक्यात आलं नाही.

तीन आठवड्यांत चित्र असं होतं. ‘इतर’ भरून वाहतंय. ‘प्लास्टिक’ भरून वाहतंय. ‘धातू’मध्ये तुपाच्या डब्याचं एक झाकण आणि एक सेफ्टी पिन. ‘काच’ रिकामा, त्यात बायकोने कांदे ठेवले होते. आणि ऑनलाइन आलेल्या सामानाचे पुठ्ठ्याचे खोके कुठल्याच डब्यात बसत नाहीत म्हणून ते हॉलमध्ये.

खरा त्रास मात्र जागेचा नव्हता, निर्णयाचा होता. प्रत्येक वस्तूला प्रश्न. चहाच्या पुड्याचं पाकीट आतून चकचकीत आहे, ते प्लास्टिक की धातू? औषधाच्या गोळ्यांची पट्टी? ज्यूसचा खोका कागद का? बायको स्वयंपाक करता करता ओरडून विचारायची, ‘हे कशात?’ आणि मी दुसऱ्या खोलीत मीटिंगमध्ये म्यूट करून उत्तर द्यायचो. दिवसात दहा वेळा ‘हे कशात’ विचारावं लागतं ती व्यवस्था टिकत नाही. रात्री अकराला पाहुणे गेल्यावर तर नाहीच नाही.

आणि झुरळं. ती वेगळीच कथा. आम्ही काहीच विसळत नव्हतो.

मग दुसरा प्रयत्न, पहिल्याच्या बरोबर उलटा. डबे गेले माळ्यावर, आणि सगळं सुकं एका मोठ्या काळ्या पिशवीत. भरली की गाठ मारून दाराबाहेर. काय सुख होतं! आठ-दहा महिने हे चाललं. मला वाटलं, झालं, सुटला प्रॉब्लेम.

एका रात्री लोणच्याची बरणी सिंकमध्ये फुटली. मी काचा गोळा केल्या, एका कागदी पिशवीत भरल्या आणि ती पिशवी त्या काळ्या पिशवीत टाकली. गाठ मारली, दाराबाहेर ठेवली, झोपलो. मला त्या वेळी वाटलं होतं की कागदी पिशवीत भरल्या म्हणजे मी काळजी घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉचमनकाकांचा फोन. ‘साहेब, कचरेवाल्या ताईंना काच लागली. तुमच्या पिशवीत होती.’ मी म्हटलं, माझीच कशावरून? तर त्याच पिशवीत माझ्या नावाचं कुरिअरचं पाकीट होतं. नाव, फ्लॅट नंबर, मोबाइल नंबर, सगळं. (जाता जाता, ती लेबलं फाडून टाकत जा. किमान नंबरावर काळं मार्कर तरी फिरवा.)

खाली गेलो. ताई पायरीवर बसल्या होत्या, उजव्या हाताच्या तळव्याला पदराचा तुकडा गुंडाळलेला, अंगठ्याच्या खाली. त्यांनी पिशवी दाबून आत किती माल आहे ते बघितलं होतं, रोज बघतात तसं, आणि काच कागदातून आणि पिशवीतून थेट आत गेली होती. चार टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन. दवाखान्यात मी बरोबर गेलो होतो. मी सॉरी म्हणत होतो आणि त्या मलाच ‘असू द्या दादा, होतंय’ म्हणत होत्या, जे ऐकायला फार वाईट वाटतं.

सहा दिवस त्या आल्या नाहीत. त्यांच्या जागी सून आली, तिचं स्वतःचं काम सोडून. मी पैसे दिले ते त्यांनी घेतले, घ्यायलाच हवे होते, उपकार नव्हता तो. पण देताना मी विचारलं, ‘ताई, मी कसं ठेवू म्हणजे तुम्हाला बरं पडेल?’ आणि त्या हसल्या. म्हणाल्या, ‘एवढी वर्षं झाली, हे इचारलं कुणी न्हाय. काच येगळी ठिवा, आन् वरून सांगा काच हाय म्हणून. बाकीचं कोरडं द्या. आमचं आम्ही बघतो.’

मंडळी, मी प्रोग्रॅमर. आमच्या धंद्यातला पहिला धडा असतो की वापरणाऱ्याशी बोला. आणि मी पाच डबे मागवताना, एक पिशवी करताना, आठ-दहा महिन्यांत एकदाही ज्या बाईच्या हातात ती पिशवी जाणार आहे तिच्याशी दोन वाक्यं बोललो नव्हतो.

मग एका शनिवारी मी त्यांना विचारून, त्या जिथे माल निवडतात तिथे गेलो. सोसायटीच्या मागे पत्र्याची शेड आहे. तिथे दीड तास बसलो, आणि माझे पाच डबे मला फार विनोदी वाटायला लागले. त्या एका हाताने (दुसऱ्याला पट्टी) इतक्या वेगाने निवडत होत्या की मी मोजताना चुकलो. पांढरा कागद वेगळा, वर्तमानपत्र वेगळं, पुठ्ठा वेगळा. दुधाच्या पिशव्या वेगळ्या. पाण्याच्या बाटल्या वेगळ्या, शांपूच्या वेगळ्या. कडक प्लास्टिक नुसतं बोटांत दाबून आवाजावरून कुठलं ते कळतं त्यांना. मी बाटलीच्या बुडाचा तो त्रिकोणातला आकडा शोधत होतो, १ म्हणजे पेट, २ म्हणजे एचडीपीई वगैरे, तोवर त्यांच्या पाच वस्तू झालेल्या असायच्या.

थोडी माहिती सांगतो, कारण बाहेरगावच्या श्रोत्यांना पुण्याची पद्धत माहीत नसते. इथे ‘स्वच्छ’ नावाची कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे. २००८ मध्ये महापालिकेबरोबर करार होऊन ती घरोघरचा कचरा गोळा करायला लागली. त्याच्या आधीपासून, १९९३ पासून, त्यांची संघटना आहे, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. मला ते नाव फार आवडतं, कारण नावातच वर्गीकरण आहे. आणि त्यात प्लास्टिक नाहीये बघा. आज नाव ठेवायचं झालं तर पहिला शब्द तोच आला असता. या पद्धतीत घरटी महिन्याचे जे पैसे आपण देतो ते त्यांचे, आणि सुक्या कचऱ्यातलं जे विकलं जाईल त्याचे पैसेही त्यांचे. म्हणजे मी जर आमटीचा डबा न विसळता पुठ्ठ्यावर टाकला, तर तो पुठ्ठा विकला जात नाही आणि ते पैसे कुणाच्या तरी घरातून कमी होतात. हे मला शेडमध्ये बसेपर्यंत कळलं नव्हतं. मी कचऱ्याकडे ‘गेला’ एवढंच बघत होतो.

जपानमध्ये कामिकात्सु म्हणून गाव आहे, तिथे लोक घरचा कचरा कितीतरी प्रकारांत वेगळा करतात आणि स्वतः केंद्रावर नेऊन देतात, कारण गावात कचऱ्याची गाडीच येत नाही. फोटो बघून भारी वाटतं. पण आपलं गणित वेगळं आहे. आपल्याकडे निवडणारं माणूस रोज दारात येतं आणि ते आपल्यापेक्षा शंभरपट हुशार असतं. त्यामुळे मी आता म्हणतो, घरात निवडायच्या भानगडीत फार पडू नका. घरातलं काम तीनच. कोरडं ठेवणं, चपटं करणं, आणि लागणारं-टोचणारं-पेटणारं बाजूला काढणं.

आता आमची सध्याची व्यवस्था. ही बरीचशी भिंतीवर आहे.

आधी मी चार आठवडे नोंद ठेवली, काय किती जागा खातं याची. एक्सेलमध्ये. हसा. बायकोही हसली. पण त्यातून कळलं की आमच्या घरात पुठ्ठे आणि प्लास्टिक मिळून जवळजवळ सगळी जागा खातात, धातू आणि काच महिन्याला जेमतेम मूठभर. मग सगळ्यांना सारखा डबा कशाला? आणि दुसरं, आपण जे साठवतो त्यातलं निम्मं नुसती हवा असते. न चेपलेली बाटली म्हणजे एक लिटर हवा.

भिंतीवर दोन मजबूत हुक. त्यांना तांदळाचा पंचवीस किलोचा रिकामा कट्टा टांगलाय, तोंड उघडं राहावं म्हणून काठाला आतून जुन्या बादलीची कडी शिवली आहे. शिवली सासूबाईंनी, श्रेय माझं नाही. यात सगळं कोरडं प्लास्टिक, पाकिटं, ज्यूसचे खोके, पत्र्याची झाकणं, सगळं एकत्र. कट्टाच का? कारण तो विणलेला असतो, आतली ओल बाहेर जाते, काळ्या पिशवीसारखा वास कोंडत नाही. आणि हुकावर असल्यामुळे खालून पोछा फिरतो. झुरळांचा प्रश्न निम्मा इथेच संपला.

उरलेला निम्मा सिंकपाशी संपला. दह्याचा डबा, सॉसची बाटली, दुधाची पिशवी, हे भांडी घासून झाल्यावर जे पाणी उरतं त्यातच विसळायचं. चकचकीत करायची गरज नाही. तेलाची पिशवी मात्र विसळून काही होत नाही, ती उलटी करून वाटीत निथळवा आणि कागदाने पुसा. मग सगळं उपडं, रात्रभर, ओट्याच्या कोपऱ्यात. सकाळी कोरडं झालेलं कट्ट्यात. ओलं काहीही थेट कट्ट्यात नाही, हा आमच्या घरातला एकच कडक नियम आहे आणि तो मीच सगळ्यात जास्त मोडतो.

दुधाच्या पिशव्या टाइल्सवर चिकटवायच्या, हे काही मी सांगायला नको, प्रत्येकाच्या आईने केलंय. एवढंच सांगतो की पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. सुटा तुकडा इतका छोटा असतो की तो ओल्या कचऱ्यात जातो आणि तिथून कुणी शोधत नाही.

बाटली चेपायची आणि झाकण परत लावायचं, म्हणजे ती पुन्हा फुगत नाही. मला वाटायचं, झाकण वेगळ्या प्लास्टिकचं, मग ते काढून द्यायला हवं का? तर गंमत अशी की बाटलीचे तुकडे पाण्यात बुडतात आणि झाकणाचे तरंगतात, कारखान्यात ते तसेच वेगळे करतात. मी पातेल्यात करून बघितलं. खरं आहे. बायकोने पातेलं नंतर दोनदा घासून घेतलं.

पुठ्ठ्याचे खोके आल्या दिवशीच उलगडायचे. ‘उद्या करतो’ म्हटलं की ते आठवडाभर हॉलमध्ये. चिकटपट्टी ओढून काढायची, सपाट करायचं, वॉशिंग मशीन आणि भिंतीच्या फटीत उभं सरकवायचं. फूटभर जाडी झाली की सुतळी. पिझ्झाचा खोका असेल तर झाकण फाडून घ्या, ते कोरडं असतं. तेलकट बूड कागदात चालत नाही.

एटीएमच्या, दुकानाच्या गुळगुळीत पावत्या कागदात नाहीत. त्यावर वेगळं रसायन असतं. चिप्सची पाकिटं कट्ट्यात टाका, पण त्यातून कुणाला फारसं काही मिळत नाही, कारण दोन-तीन थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि ते सुटे होत नाहीत. ते ताईंनी सांगितलं तेव्हा जरा वाईट वाटलं. आम्ही चिप्स कमी केले का? नाही. खोटं कशाला बोलू.

आता लागणारं आणि पेटणारं. अखंड काचेची बाटली सिलिंडरच्या बाजूला उभी, कशात कोंबायची नाही. फुटलेली काच, ब्लेड, सुई, तुटलेला कप, हे पुठ्ठ्याच्या छोट्या खोक्यात. खोका चिकटपट्टीने बंद, वर मार्करने मोठं ‘काच’. पण सगळ्यांना वाचता येतंच असं नाही, म्हणून तो खोका दाराबाहेर सोडायचा नाही, हातात द्यायचा आणि तोंडाने सांगायचं. सॅनिटरी पॅड, डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका, म्हणजे ते उघडून बघावं लागत नाही. पुण्यात यासाठी लाल ठिपक्याची मोहीमच झाली होती. आमच्याकडे मार्कर आता बाथरूमच्या कपाटात असतो.

सेल आणि बॅटऱ्या. इथे जरा थांबतो, कारण हे लोक अगदी सहज करतात. रिमोटचे सेल, घड्याळातले बटन सेल, जुन्या मोबाइलची बॅटरी, सगळं सुक्या कचऱ्यात. लिथियमची बॅटरी दाबली गेली किंवा तिची टोकं धातूला लागली तर पेटू शकते, आणि गाडीत माल दाबलाच जातो. टोकांना चिकटपट्टी लावा, प्लास्टिकच्या बरणीत ठेवा, पत्र्याच्या डब्यात नको. फुगलेली बॅटरी असेल तर ती साठवूच नका, लगेच ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. सीएफएल किंवा ट्यूबमध्ये पारा असतो, ती न फोडता तिच्याच खोक्यात. २०१६ च्या घनकचरा नियमांतही घरातला घातक कचरा हा ओला आणि सुका यांच्याशिवाय तिसरा वेगळा प्रकार होता, पण सोसायटीच्या नोटिशीवर बहुतेक वेळा दोनच डबे काढलेले असतात.

तर तीन वेळा आपटलो म्हटलं होतं, तिसरी वेळ राहिलीच. ती पावसाळ्यातली. वर्तमानपत्राची रद्दी मी त्याच वॉशिंग मशीनच्या मागे जमिनीवर ठेवली होती, पाच महिन्यांची. जुलैत आठवडाभर तिरका पाऊस आला, जाळीतून पाणी. मला पत्ताच नाही, कारण वरची रद्दी कोरडी. रद्दीवाले काका आले, ताणकाटा लावायच्या आधी त्यांनी गठ्ठ्याच्या मधे बोट घातलं आणि परत काढलं. ‘दादा, खालची लगदा झालीय.’ खरंच, खालचा महिना-दीड महिना एकमेकांना चिकटून काळा पडला होता. आता रद्दी हॉलमध्ये दिवाणाखाली, आणि जूनच्या आत घराबाहेर. पुठ्ठाही पावसाळ्यात दर आठवड्याला देतो, साठवत नाही.

आता या सगळ्यात आईचं काय, ते सांगतो. आई कराडला असते. वर्षातून दोनदा येते आणि आली की कट्ट्यातून वस्तू परत काढते. खोटं नाही सांगत. श्रीखंडाचा डबा, मधाची बाटली, मिठाईचा पुठ्ठा. ‘अरे, चांगला आहे, उपयोगी पडेल.’ तिच्या घरी ओट्याखाली एक अख्खा कप्पा नुसत्या डब्यांचा आहे, आणि झाकणं दुसऱ्या कप्प्यात. माझं म्हणणं, ठेव, पण एक फळी ठरव. फळी भरली की नवा डबा आल्यावर जुना जाणार. ती म्हणते, तुम्हाला टाकायची फार घाई असते. आमचं यावर एकमत झालेलं नाही. बायको, आश्चर्य म्हणजे, आईच्या बाजूने आहे.

दुसरं भांडण रद्दीवरून. हल्ली आम्ही वर्तमानपत्रंही ताईंनाच देतो. आईला हे अजिबात पटत नाही. मी आधी चिडलो, किती पैसे होतात त्याचे? मग एकदा ती सहज बोलून गेली की माझ्या लहानपणी रद्दीचे पैसे हे घरातले एकमेव पैसे होते ज्यांचा हिशोब तिला बाबांना द्यावा लागत नसे. त्यातून ती दिवाळी अंक घ्यायची. कधी माझ्यासाठी कंपासपेटी. त्यावर मी काय बोलणार? कराडची रद्दी ती विकते, पुण्याची आम्ही देतो, असं चाललंय.

दोन प्रश्न घेतो आणि थांबतो.

डोंबिवलीहून एका श्रोत्याने लिहिलंय, ड्राय बाल्कनी नाहीच, वन रूम किचन आहे, माणसं चार. मग भिंतीऐवजी दार वापरा. स्वयंपाकघराच्या दाराच्या मागे कट्टा अरुंद करून टांगता येतो, पुठ्ठा पलंगाखाली सपाट. आणि साठवण कमी करायची असेल तर देण्याची वेळ वाढवा. घरात जागा नसणाऱ्याने महिन्याने नाही, दोन दिवसांनी द्यायचं. न्यायला येणारं माणूस सुकं रोज घेतं का, एवढं एकदा विचारा.

दुसरा प्रश्न माझ्याच मावसभावाचा, जर्मनीतून, म्युनिकला असतो. तो म्हणतो, तू बाटल्या चेपायला सांगतोस, आणि मी इथे आल्या आल्या सवयीने सगळ्या चेपल्या आणि पैसे घालवले. तिथे पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते. दुकानातल्या मशीनमध्ये बाटली घातली की परत मिळतात. पण मशीनला वरचा बारकोड वाचता यायला हवा, चेपलेली बाटली ते परत करतं. म्हणून त्याच्या एवढ्याशा बाल्कनीत फुगलेल्या बाटल्यांचं पोतं. शिवाय काच रंगानुसार वेगळी, आणि ती रस्त्यावरच्या पेटीत रविवारी टाकायची नाही, शेजाऱ्यांना आवाज होतो म्हणून. तर मावसभावा, तू चेपू नकोस. तिकडे मशीन काय मागतं ते बघ. इकडे ताई काय मागतात ते मी बघतो.

ताईंचा हात बरा आहे. अंगठा थंडीत आखडतो म्हणतात. परवा त्यांनी आमचा कट्टा उचलून हलवून बघितला आणि आत हात घालण्याआधी माझ्याकडे बघून विचारलं, ‘काच?’ मी म्हटलं, नाही. तरी त्यांनी तो आधी जमिनीवर ओतला आणि मगच निवडला.

चला, कुकर झालाय. दुधाच्या पिशव्या वाळल्या असतील, त्या काढतो. तुमच्या घरात काय चालतं ते नक्की कळवा, फोटो पाठवा, कडीला लटकलेल्या पिशव्यांचे पण चालतील. भेटू पंधरा दिवसांनी.